विश्लेषण : नंदुरबारला नेमके कोणते इंग्रजी हवे? ‘फाडफाड इंग्रजी’चा एकच क्लास सगळ्यांना का पुरत नाही?

‘तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी बोला’ ही जाहिरात राज्यातील जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी दिसते. अशा क्लासच्या एकाच बाकावर पोलीस भरतीची तयारी करणारा तरुण, नर्सिंगला प्रवेश घेतलेली मुलगी, मिरची व्यापाऱ्याचा मुलगा आणि जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक शेजारी-शेजारी बसू शकतात. चौघांना शिकवले जाते ते मात्र एकच. आधी स्वतःची ओळख, मग काळाचे बारा प्रकार, शेवटी ‘माझा आवडता छंद’ या विषयावर दोन मिनिटांचे भाषण. फी सारखी, वही सारखी, प्रमाणपत्रही सारखे. पण चौघांची गरज सारखी नाही. त्यातल्या एकाला तर हातातल्या परीक्षेसाठी इंग्रजीची गरजच नाही.

ज्या जिल्ह्यात अनेक मुलांसाठी मराठी हीच शाळेत भेटणारी नवी भाषा असते, तिथे चुकीच्या अभ्यासक्रमावर गेलेले तीन महिने महाग पडतात. म्हणूनच शिकणाऱ्याची गरज आधी तपासायची आणि अभ्यासक्रम नंतर बांधायचा, ही पद्धत समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

‘विशिष्ट उद्देशासाठी इंग्रजी’ म्हणजे काय?

भाषाशिक्षणाच्या क्षेत्रात ‘इंग्लिश फॉर स्पेसिफिक पर्पजेस’ ही एक स्वतंत्र शाखा आहे. तिला थोडक्यात ‘ईएसपी’ म्हणतात. शिकणाऱ्याला इंग्रजीने नेमके कोणते काम करायचे आहे हे आधी ठरवायचे आणि तेवढ्या कामाचे इंग्रजी आधी शिकवायचे, हा तिचा गाभा. दुसऱ्या महायुद्धानंतर व्यापार, तेलउद्योग आणि तंत्रज्ञान यांचा पसारा वाढला तशी ही शाखा वाढली. १९६०च्या दशकापासून तिचा स्वतंत्र अभ्यास सुरू झाला. टॉम हचिन्सन आणि ॲलन वॉटर्स यांच्या १९८७ मधील पुस्तकाने तिला आजचे रूप दिले. ईएसपी हा कुठला तयार माल नसून अभ्यासक्रम आखण्याची एक दृष्टी आहे, असे त्यांनी मांडले. त्यामुळे ‘नर्सिंगसाठी इंग्रजी’ असे मुखपृष्ठावर छापलेले पुस्तक आणले म्हणजे ईएसपी झाले, असे होत नाही. समोरच्या नर्सला काय अडते, हे विचारल्यानंतरच ते सुरू होते.

या विचाराचे एक मूळ भारतात आहे. १९२०च्या दशकात बंगालमध्ये काम करणारे ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ मायकल वेस्ट यांनी तिथल्या शाळकरी मुलांना इंग्रजी कशासाठी लागते, हा प्रश्न विचारला. बहुतेकांना पुढे इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचण्याची गरज जास्त पडेल, म्हणून आधी वाचन शिकवा, असा त्यांचा निष्कर्ष होता. ‘गरजांचे विश्लेषण’ या कल्पनेचा उगम सांगताना आजही त्यांचे नाव घेतले जाते. सुमारे दोन हजार मूलभूत इंग्रजी शब्दांची १९५३ मधील प्रसिद्ध यादीही वेस्ट यांचीच.

कामापुरत्या भाषेने खरोखर फरक पडतो का?

याचे सर्वात ठळक उदाहरण विमान वाहतुकीचे आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी अरेबियन एअरलाइन्स आणि कझाकस्तान एअरलाइन्सची विमाने हवेत एकमेकांवर आदळली. ३४९ जणांचा मृत्यू झाला. कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली आले होते. चौकशीत त्या विमानातील कर्मचाऱ्यांच्या तोकड्या इंग्रजीचा मुद्दाही पुढे आला. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांसाठी इंग्रजीच्या सहा पातळ्या ठरवल्या. २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी किमान चौथी पातळी आवश्यक करण्यात आली.

या चाचणीत निबंध किंवा कवितेचे रसग्रहण नसते. रेडिओवरचे बोलणे नीट ऐकू येते का, उच्चार समोरच्याला कळतो का, अनपेक्षित प्रसंग मोजक्या शब्दांत सांगता येतो का, हे पाहिले जाते. म्हणजे जे काम, तीच परीक्षा. नंदुरबारच्या नर्सिंग होस्टेलमधली मुलगी विमान चालवणार नाही. पण तिच्या हातात औषधाची चिठ्ठी येणार आहे आणि तिथेही चुकीची किंमत मोठी आहे.

गरजा मोजतात कशा?

हचिन्सन आणि वॉटर्स यांनी गरजेचे तीन भाग केले. पहिला, कामाला काय लागते. दुसरा, शिकणाऱ्याला आज काय येत नाही. तिसरा, शिकणाऱ्याला स्वतःला काय हवेसे वाटते. हे तिन्ही भाग अनेकदा एकमेकांशी जुळत नाहीत.

समजा, धडगाव तालुक्यातून आलेली एक मुलगी जीएनएम नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. कामाला लागते ते असे : केसपेपर वाचणे, औषधांची नावे बिनचूक उतरवणे, तापमान आणि रक्तदाबाच्या नोंदी भरणे, शिफ्ट बदलताना रुग्णाची माहिती पुढच्या नर्सला देणे. तिला येत नाही ते असे : बारावीपर्यंतचे व्याकरण पाठ आहे, पण शरीरशास्त्राच्या पुस्तकातील एक परिच्छेद वाचायला अर्धा तास लागतो. आणि तिला हवे आहे ते तिसरेच : वर्गातल्या शहरी मुलींसारखे न अडखळता बोलणे.

यातली तिसरी गरज दुय्यम समजण्याची चूक अनेक अभ्यासक्रम करतात. पण शिकण्याचा उत्साह तिथूनच येतो. म्हणून चांगला अभ्यासक्रम पहिल्या आठवड्यापासून थोडे बोलायला लावतो, मात्र बोलण्याचा विषय ‘माझा छंद’ ऐवजी ‘खाट क्रमांक सहाचा रुग्ण’ हा ठेवतो.

माहिती गोळा करण्याचे मार्गही साधे आहेत. शिकणाऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलणे, वॉर्डमध्ये किंवा कार्यशाळेत एक दिवस बसून निरीक्षण करणे, वरिष्ठांना विचारणे आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे कामाचे खरे कागद जमवणे. फॉर्म, लेबले, रजिस्टर, मशीनच्या पडद्यावरील सूचना, प्रश्नपत्रिका. पाठ्यपुस्तक यातून तयार होते.

नंदुरबारमध्ये हा प्रश्न वेगळा का?

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात आणि त्यात सुमारे ६९ टक्के अनुसूचित जमाती. साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वात कमी. त्या वेळी राज्याची सरासरी ८२ टक्क्यांच्या पुढे होती. २०१८ मध्ये केंद्राने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातील जे चार जिल्हे होते, त्यात नंदुरबार होता.

पण आकड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट भाषांची आहे. सातपुड्यातील घरांत भिली, पावरी बोलली जाते, नवापूरकडे मावची, सपाटीवर अहिराणी आणि गुजर समाजात गुजरी. सीमेपलीकडे गुजराती आणि मध्य प्रदेशच्या बाजूला हिंदी. भिली बोलणाऱ्यांची देशातील संख्या २०११ च्या जनगणनेत एक कोटीहून अधिक नोंदली गेली, तरी ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही.

याचा अर्थ असा की अक्राणीच्या पाड्यावरील मूल शाळेत येते तेव्हा मराठी ही त्याची दुसरी भाषा असते. राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, म्हणजे त्याच वर्षी तिसरी भाषाही हातात येते. पुढे इंग्रजीचे व्याकरण मराठीतून समजावले जाते आणि ते मराठीच पुस्तकी असते. ‘अपूर्ण वर्तमानकाळ’ ही संज्ञा कळली नाही, तर तिच्या आधाराने शिकवलेले इंग्रजी कसे कळणार? पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यासाठी लिहिलेले मार्गदर्शक इथे जसेच्या तसे चालत नाही ते यामुळे.

दुसरीकडे, या मुलांकडे एक मोठी ताकद आहे. घरी एक, बाजारात दुसरी, शाळेत तिसरी अशा भाषा बदलण्याची त्यांना सवय असते. अर्धवट समजलेल्या वाक्यातून संदर्भाने अर्थ काढणे ही त्यांच्यासाठी रोजची गोष्ट आहे. गरजेवर आधारित अभ्यासक्रम ‘यांना काय येत नाही’ याबरोबर हेही मोजतो.

पोलीस भरतीसाठी इंग्रजी लागते का?

स्पर्धा परीक्षा करणाऱ्या तरुणांसाठी हा सर्वात थेट प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक परीक्षेत वेगळे आहे.

• पोलीस शिपाई भरती : १०० गुणांच्या लेखी परीक्षेत अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण. इंग्रजीचा स्वतंत्र भाग नाही.

• तलाठी भरती : २०२३ च्या परीक्षेत १०० प्रश्न आणि २०० गुण होते. त्यापैकी २५ प्रश्न म्हणजे ५० गुण इंग्रजीचे. सगळे प्रश्न पर्याय निवडण्याचे. बोलण्याचा आणि लिहिण्याचा संबंध नाही.

• राज्यसेवा मुख्य परीक्षा : नव्या वर्णनात्मक पद्धतीत इंग्रजीचा पेपर अर्हतेसाठी आहे. इथे परिच्छेद वाचून स्वतःच्या शब्दांत लिहावे लागते.

एकाच गावातील तीन मित्र या तीन परीक्षा देत असतील, तर एकाला आज इंग्रजी नको, दुसऱ्याला फक्त वाचन, शब्दसंग्रह आणि व्याकरणाचे पर्याय हवेत, तर तिसऱ्याला लेखनाचा सराव हवा. ‘स्पोकन इंग्लिश’चा क्लास यापैकी एकाचीही गरज भागवत नाही. मुलाखतीचा टप्पा असलेल्या नोकऱ्यांत किंवा खासगी क्षेत्रात तो उपयोगी पडेल, पण तो वेगळा टप्पा आहे. शेतीच्या कामातून वेळ काढून जिल्ह्याच्या गावी खोली घेऊन राहणाऱ्या मुलासाठी हा फरक पैशांचाही असतो आणि वयोमर्यादेतील वर्षांचाही.

आरोग्य क्षेत्रात कोणते इंग्रजी अडते?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील ‘ओडी’, ‘बीडी’, ‘टीडीएस’, ‘एचएस’ ही अक्षरे मुळात इंग्रजी नाहीत. ती लॅटिन शब्दांची आद्याक्षरे आहेत. दिवसातून एकदा, दोनदा, तीनदा आणि झोपताना असा त्यांचा अर्थ. त्यातही नेत्रविभागात ‘ओडी’ म्हणजे उजवा डोळा. सर्वसाधारण इंग्रजी कितीही सुधारले तरी हे कळणार नाही, कारण ते कुठल्याच शालेय पुस्तकात नसते.

दुसरे उदाहरण सिकलसेलचे. नंदुरबारसह राज्याच्या आदिवासी पट्ट्यात हा आनुवंशिक आजार आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिच्यात सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. तपासणीच्या अहवालात ‘सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह’ असे लिहिलेले असते. रोजच्या बोलण्यात ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगले, इथे मात्र तसे नाही. शिवाय या चाचणीवरून व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे ठरत नाही. त्यासाठी पुढची चाचणी लागते. तिच्यात ‘एएस’ आले तर वाहक आणि ‘एसएस’ आले तर रुग्ण. ‘ट्रेट’ आणि ‘डिसीज’ या दोन शब्दांतील फरक आरोग्यसेविकेला कळला नाही, तर निरोगी वाहक मुलीच्या घरी ‘आजारी’ असा निरोप जातो आणि तिच्या लग्नाच्या बोलण्यावर त्याचे सावट पडते. उलट, रुग्णाला ‘तू फक्त वाहक आहेस’ असे सांगितले गेले तर उपचार लांबतात.

इथे लागणारे इंग्रजी किती? चाचण्यांची नावे, अहवालातील वीस-पंचवीस शब्द आणि ते शब्द भिली, पावरी किंवा मराठीत समजावून सांगण्याची वाक्ये. एका आठवड्याचे काम. पण ते नेमके असले पाहिजे.

नंदुरबारमध्ये २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नीट परीक्षा मराठीतून देता येते, मात्र एमबीबीएसची पुस्तके इंग्रजीत. ही दरी ओळखून राष्ट्रीय पातळीवर २०१९ मध्ये आलेल्या एमबीबीएस अभ्यासक्रमात सुरुवातीच्या पायाभूत टप्प्यात भाषा आणि संगणक कौशल्यांसाठी ४० तास ठेवण्यात आले. त्यात इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेचाही विचार आहे. म्हणजे गरज दुहेरी आहे. सातपुड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला पुस्तकाचे इंग्रजी हवे आणि बाहेरून आलेल्या डॉक्टरला रुग्णाची भाषा हवी.

मिरची, मशीन आणि शाळा : इथे काय लागते?

नंदुरबारची बाजारपेठ लाल मिरचीसाठी ओळखली जाते. मिरची वाळवण्याच्या पथारींवर काम करणाऱ्याला इंग्रजीची गरज नाही. पण फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याला डब्यावरील काही खुणा कळायलाच हव्यात. कीटकनाशकाच्या लेबलवर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वाधिक विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लेबलवर प्रादेशिक भाषेतही मजकूर असतो, पण अक्षरे इतकी बारीक असतात की दुकानदाराने तोंडी सांगितलेले इंग्रजी शब्दच चालतात. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस सोडायचे, हे सांगणारा ‘वेटिंग पिरिअड’ हा शब्द त्यात सर्वात कामाचा. माल बाहेरदेशी पाठवायचा असेल तर औषधाचे अंश आणि अफ्लाटॉक्सिन यांच्या प्रयोगशाळा अहवालावर सौदा अडतो. इथे व्यापाऱ्याला लागते ते अहवाल वाचण्याचे आणि ई-मेल लिहिण्याचे इंग्रजी.

आयटीआयच्या विद्यार्थ्याची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या अभ्यासक्रमात ‘एम्प्लॉयबिलिटी स्किल्स’ हा विषय असतो आणि त्यात इंग्रजी संभाषणही येते. पण सीएनसी मशीनच्या पडद्यावर लाल अक्षरांत ‘अलार्म’ आल्यावर पुढची ओळ वाचून काय करायचे हे कळणे त्याच्यासाठी जास्त तातडीचे असते. नवापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करायचे असो की गुजरातमधील कारखान्यात, मशीनच्या पडद्यावरील सूचना बहुधा इंग्रजीतच असतात.

शिक्षकांसाठी गरज ओळखून केलेल्या कामाचे राज्यातील उदाहरण म्हणजे ‘तेजस’ प्रकल्प. राज्य सरकार, टाटा ट्रस्ट आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी २०१६ मध्ये प्राथमिक शिक्षकांसाठी तो सुरू केला. मोठ्या सभागृहात एकदाच प्रशिक्षण देण्याऐवजी जवळपासच्या शाळांतील शिक्षकांचे छोटे गट नियमित भेटतात, वर्गात वापरायच्या कृती करून पाहतात आणि पुढच्या भेटीत अनुभव सांगतात, अशी त्याची रचना होती. शिक्षकाला शेक्सपिअर समजावून सांगायचा नसतो. त्याला सूचना देणे, प्रश्न विचारणे, शाबासकी देणे आणि चूक न दुखावता सुधारणे एवढे इंग्रजी रोज सहज यायला हवे असते. तेही एक ‘विशिष्ट उद्देशाचे’ इंग्रजीच.

असा अभ्यासक्रम प्रत्यक्षात कसा बांधता येईल?

नर्सिंगच्या पहिल्या वर्षासाठी ४० तासांचा अभ्यासक्रम करायचा आहे, असे धरू.

पहिले पाऊल, कागद जमवणे. कोरे केसपेपर, तापमानाचा तक्ता, औषधांची वेष्टने, डिस्चार्ज कार्ड, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका. रुग्णाचे नाव असलेला कोणताही कागद वर्गात आणायचा नाही.

दुसरे, शब्द निवडणे. वारंवार येणारे शब्द वेगळे काढायचे. त्यांचे तीन गट पडतात. रोजचे शब्द, विषयाचे शब्द आणि रोजचेच पण इथे वेगळ्या अर्थाने येणारे शब्द. ‘पॉझिटिव्ह’, ‘ॲक्यूट’, ‘ड्रिप’, ‘डिस्चार्ज’ हे तिसऱ्या गटातले. शिकणारा सर्वात जास्त तिथेच फसतो.

तिसरे, धडे कामाप्रमाणे लावणे. पहिल्या धड्यात ‘क्रियापदाची रूपे’ नाही, तर ‘नवा रुग्ण दाखल करून घेणे’. त्या कामात भूतकाळ लागतो, म्हणून भूतकाळ तिथे शिकवायचा. ‘ताप कधीपासून आहे’ हे इंग्रजीत नोंदवताना जो काळ लागतो, तो बारा काळांच्या तक्त्यापेक्षा लवकर लक्षात राहतो.

चौथे, दोन शिक्षक. इंग्रजीच्या शिक्षकाला नर्सिंग येत नाही आणि वॉर्डच्या सिस्टरला व्याकरण समजावणे जमेलच असे नाही. ब्रिटनच्या बर्मिंगहॅम विद्यापीठात टोनी डडली-इव्हान्स आणि टिम जॉन्स यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी विषयशिक्षक आणि भाषाशिक्षक एकाच वर्गात उभे करण्याचा प्रयोग केला. १९८० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठवड्यातून एक तास असा घेणे जिल्ह्याच्या ठिकाणीही अशक्य नाही.

पाचवे, परीक्षा म्हणजे तेच काम. रुग्णाची माहिती ऐकवायची आणि तक्ता भरून घ्यायचा. शिफ्ट बदलताना काय सांगायचे ते करून दाखवायला लावायचे. जगभर परदेशी नर्स आणि डॉक्टरांसाठी घेतली जाणारी ‘ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट’ याच तत्त्वावर चालते. त्यात नर्सला रुग्णाबद्दलचे पत्र लिहावे लागते आणि रुग्णाशी संवाद करून दाखवावा लागतो.

आणि या सगळ्यात समजावण्याची भाषा मराठी, अहिराणी किंवा भिली असायला हरकत नाही. केसपेपर इंग्रजीत भरला जाणे महत्त्वाचे, तो भरण्याबाबतची चर्चा इंग्रजीत होणे नव्हे.

‘इंग्रजी नकोच’ असे उत्तर आले तर?

प्रामाणिकपणे गरज तपासली तर कधी कधी हेच उत्तर येते. नंदुरबारमधून दरवर्षी अनेक कुटुंबे मजुरीसाठी गुजरातमध्ये जातात. सुरतच्या परिसरात हिशेबाची वही वाचण्यासाठी, मुकादमाशी मजुरीचा दर ठरवण्यासाठी त्यांना इंग्रजीपेक्षा गुजरातीची लिपी आणि आकडे जास्त उपयोगी पडतात. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. सुरुवातीला १० हजार तरुणांचे उद्दिष्ट ठेवले. तिथे जाणाऱ्या नर्स किंवा इलेक्ट्रिशियनला जर्मन शिकावी लागते. अशा ठिकाणी ‘आधी इंग्रजी, मग बाकी’ हा सल्ला वेळ घालवणारा ठरतो.

मग या पद्धतीवर आक्षेप कोणता?

आक्षेप गंभीर आहे आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तो अधिक टोचतो. शहरातील मुलाला इंग्रजी कादंबऱ्या, वादविवाद, चित्रपट असे सगळे मिळणार आणि आदिवासी मुलीला मात्र फॉर्म भरण्यापुरते इंग्रजी, असे तर होणार नाही ना? ‘कामापुरते’ हा शब्द तिला त्याच कामात अडकवून ठेवणार नाही ना?

अमेरिकी अभ्यासक सारा बेनेश यांनी २००१ मधील पुस्तकात हाच मुद्दा मांडला. गरज कोण ठरवते, असा त्यांचा प्रश्न आहे. संस्था, मालक किंवा विद्यापीठ यांना जे हवे तेच ‘गरज’ म्हणून मोजले, तर शिकणारा फक्त आज्ञा पाळायला शिकतो. म्हणून गरजांच्या बरोबरीने शिकणाऱ्याच्या हक्कांचेही विश्लेषण व्हावे, असे त्या म्हणतात. उदाहरणार्थ, नर्सला सूचना समजणे ही गरज. पण चिठ्ठीवरील मात्रा चुकीची वाटली तर डॉक्टरांना ‘पुन्हा तपासता का?’ असे नम्रपणे आणि ठामपणे विचारता येणे, हाही अभ्यासक्रमाचा भाग हवा. कामगाराला मशीनचा अलार्म वाचता यावा, तसेच नोकरीच्या करारपत्रातील कामाचे तास आणि नोटीस कालावधीही वाचता यावा.

यावर व्यवहार्य उत्तर असे : नेमके इंग्रजी हे पहिले पाऊल मानायचे. आठवड्याभरात शिकलेले दुसऱ्या दिवशी कामात आले की भीती कमी होते. पुढचे, मोकळे, स्वतःच्या आवडीचे इंग्रजी शिकण्याचा आत्मविश्वास त्यातून मिळू शकतो. मात्र त्यासाठी पहिल्या पावलानंतरची वाट खुली असली पाहिजे : वाचनालय, पुढचा अभ्यासक्रम आणि तो निवडण्याचा अधिकार.

क्लास लावण्यापूर्वी काय विचारावे?

• मला इंग्रजी नेमके कोणत्या कामासाठी हवे? परीक्षा, कॉलेजचे पुस्तक, नोकरी की मुलाखत? एका ओळीत लिहून काढावे.

• त्या कामात ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे यापैकी काय लागते? परीक्षेची जाहिरात आणि अभ्यासक्रम आधी पाहावा.

• क्लास सुरू होण्यापूर्वी चाचणी किंवा बोलणी होतात का? ‘सगळ्यांना एकच बॅच’ असे उत्तर आले तर विचार करावा.

• वर्गात माझ्या कामाचे कागद वापरले जातील का? नसल्यास ते स्वतः घेऊन जाता येतील का?

• न कळलेले मराठीत किंवा आपल्या बोलीत विचारण्याची मुभा आहे का?

• शेवटी काय करता येईल, हे संस्था एका वाक्यात सांगू शकते का? ‘फाडफाड बोलाल’ हे त्याचे उत्तर नाही. ‘तलाठी परीक्षेतील इंग्रजीचे २५ प्रश्न ठरलेल्या वेळेत सोडवाल’ किंवा ‘केसपेपर न विचारता भराल’ हे उत्तर आहे.

हेच प्रश्न कौशल्य विकासाचे वर्ग मंजूर करणाऱ्या यंत्रणांनी आणि महाविद्यालयांनीही विचारायला हरकत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात भाषा आणि कौशल्यविषयक श्रेयांकांना जागा मिळाली आहे. तिथे कोणते इंग्रजी शिकवायचे हे ठरवण्याआधी सातपुड्याच्या पाड्यांवरून आणि तापीकाठच्या गावांतून वर्गात आलेल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात एक साधा प्रश्नसंच देता येईल. त्यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही.